चाळीस टक्के आणि खडकवासला

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे घरोघरी एनडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या, प्रवेशपरीक्षेविषयी एक समज महाराष्ट्रात इतका दृढमूल झाला आहे की, वर्षातून दोनदा निकाल लागला की तो नव्या आकड्यांसह पुन्हा कानी पडतो : ‘चाळीस टक्के पडले की खडकवासला.’ पुरावा म्हणून बहुधा २०२२ सालच्या पहिल्या परीक्षेचे आकडे पुढे केले जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्या परीक्षेसाठी जाहीर केलेले लेखीचे किमान गुण ९०० पैकी ३६० होते, आणि अंतिम शिफारस झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे एकूण गुण १८०० पैकी ७२०. दोन्ही आकडे नेमके चाळीस टक्के, आणि दुसरा पहिल्याच्या बरोबर दुप्पट. मग पालक, आणि खेदाने म्हणावे लागते की काही शिकवणी वर्गांचे चालकही, वजाबाकी मांडतात : लेखीत ३६० आणि एसएसबीत, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या ९०० गुणांच्या चाचणीत, ३६० मिळाले की काम झाले, लेखीत ५०० मिळवले तर एसएसबीत २२० सुद्धा पुरतात. हा हिशेब पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत चुकीचा आहे, आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे या एका परीक्षेला वाहणाऱ्या मुलांना तो बिनदिक्कत सांगितला जातो, म्हणून त्याचा समाचार सविस्तरच घेतला पाहिजे.

प्रथम लेखी परीक्षेचे स्वरूप पाहावे. गणिताची पत्रिका ३०० गुणांची. तीत १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुणांचे. सामान्य क्षमतेची पत्रिका ६०० गुणांची. तीत १५० प्रश्न, प्रत्येकी चार गुणांचे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा, म्हणजे गणितात ०.८३ आणि दुसऱ्या पत्रिकेत १.३३. या शेवटच्या नियमाचा परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. डोळे मिटून खुणा करत जाणाऱ्याचे सरासरीने चारांत एक उत्तर बरोबर येईल, तीन चुकतील, आणि त्या एकाची कमाई तिघांत पुसली जाऊन त्याच्या पदरी जवळजवळ शून्यच राहील. बोर्डाच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला असा दंड नसतो. तेव्हा बोर्डाचे चाळीस टक्के आणि या परीक्षेचे चाळीस टक्के ही एकाच मापाने मोजलेली राशी नव्हे, आणि पहिलीवरून दुसरीची सुलभता ठरवणे सर्वथा असमर्थनीय आहे.

उदाहरणच घेऊ. एखाद्या मुलाने गणिताचे ६० प्रश्न सोडवले, त्यांतले ४२ बरोबर आले आणि १८ चुकले. १०५ मधून १५ वजा होऊन त्याला ९० गुण मिळाले. दुसऱ्या पत्रिकेत त्याने ८७ प्रश्न सोडवले, ६३ बरोबर, २४ चूक. २५२ मधून ३२ गेले आणि २२० उरले. एकूण ३१०, म्हणजे ९०० पैकी सुमारे चौतीस टक्के. परंतु ज्या प्रश्नांना त्याने हात घातला त्यांपैकी दहांत सात त्याने अचूक सोडवले आहेत, आणि तेही घड्याळाच्या काट्यावर लक्ष ठेवून, प्रत्येक पत्रिकेच्या अडीच तासांत. या मुलाला कोणी ‘चौतीस टक्केवाला’ म्हणत असेल तर ती म्हणणाराची गणितातील उणीव आहे.

याच मुलाचे पुढे काय होईल, हे तो कोणत्या सत्रात बसला यावर ठरते. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचे किमान गुण ३६० होते, दुसऱ्या परीक्षेत ३१६, आणि २०२३ च्या पहिल्या परीक्षेत ३०१. तेव्हा ३१० गुणांवर तो पहिल्या दोन्ही वेळी बाहेर राहिला असता आणि तिसऱ्या वेळी आत आला असता. या उतरत्या आकड्यांवरून ‘दर्जा घसरला’ असा निर्णय देणारेही कमी नाहीत. मात्र प्रश्नपत्रिका दर खेपेस नवी असते, तिचे काठिण्य कमीअधिक होते, आणि किमान गुण ठरवण्याचा अधिकार आयोगाने प्रत्येक परीक्षेपुरता आपल्या विवेकाधीन ठेवला आहे. एसएसबीसाठी किती उमेदवार बोलवावयाचे या अंदाजाने ही मर्यादा वरखाली होते. कठीण पत्रिकेतले ३०१ सोप्या पत्रिकेतल्या ३६० पेक्षा कमी योग्यतेचे, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

शिवाय केवळ एकूण गुण मिळवून भागत नाही, ही बाब तर चर्चेत येतच नाही. प्रत्येक विषयात स्वतंत्र किमान गुण लागतात. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत ते पंचवीस टक्के होते, २०२३ च्या पहिल्या परीक्षेत वीस. वीस टक्के म्हणजे गणितात ६०. ज्याने दुसऱ्या पत्रिकेत ४०० मिळवले पण गणितात ५० वर थांबला, तो एकूण ४५० गुण घेऊनही अनुत्तीर्णच राहतो.

आता त्या ७२० कडे येतो, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. लोक त्या आकड्याला उत्तीर्णतेची रेषा समजतात. वास्तविक तो म्हणजे कोणी आधी आखलेली रेषाच नव्हे. आयोगाच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेले असते की, उमेदवाराने लेखी परीक्षेत आणि सेवा निवड मंडळाच्या चाचणीत, दोहोंत पृथक् पृथक् किमान गुण मिळवले पाहिजेत. म्हणजे लेखीचे ५०० गुण एसएसबीतील अपयश धुऊन काढू शकत नाहीत. जे दोन्ही दरवाजे ओलांडतात त्यांच्याच गुणांची बेरीज होते, त्यांचीच गुणानुक्रमे यादी लागते, आणि त्या यादीत सर्वांत खाली ज्याचे नाव आले त्याची बेरीज म्हणजे तो आकडा. तो निवडीचा परिणाम आहे, अट नव्हे. त्यातून लेखीचे किमान गुण वजा करून एसएसबीचे किमान गुण काढणे म्हणजे दोन वेगळ्या माणसांच्या पगारांची वजाबाकी करून तिसऱ्याचा पगार सांगण्यासारखे आहे. कारण ज्याला ७२० मिळाले त्याला लेखीत ३६० च मिळाले होते, असे आयोगाने कोठेही म्हटलेले नाही.

आणि यादीतले हे शेवटचे स्थानही प्रवेशाची हमी देत नाही. यादी रिक्त जागांहून लांब असते. २०२४ च्या पहिल्या परीक्षेसाठी नौदल अकादमीच्या ३० जागा धरून जाहीर झालेल्या एकूण जागा केवळ ४०० होत्या. यादी करताना वैद्यकीय तपासणीचा निकाल विचारात घेतलेला नसतो, असे आयोग निकालपत्रातच नमूद करतो. वैद्यकीय पात्रता, पसंतीक्रम आणि उपलब्ध जागा यांचा मेळ बसल्यावरच रुजू होण्याचे पत्र निघते. वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी तर वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी वेगळी उत्तीर्ण व्हावी लागते. तेव्हा ‘७२० ला प्रवेश मिळाला’ हे विधानही बिनचूक नाही. ७२० ला नाव यादीत आले, इतकेच त्या आकड्यावरून सांगता येते.

एसएसबीला ‘मुलाखत’ म्हणण्याच्या सवयीनेही पुष्कळ घोटाळा केला आहे. भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू अशा ठिकाणच्या मंडळांपुढे हे काम सुमारे पाच दिवस चालते. पहिल्या टप्प्यातील बुद्धिमापन व चित्रवर्णन यांत जे उतरत नाहीत त्यांना तेथूनच परत पाठवले जाते. पुढे मानसशास्त्रज्ञ, गटकार्य पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे आपापल्या पद्धतीने उमेदवाराला पारखतात, आणि शेवटी सर्वजण एकत्र बसून निर्णय करतात. येथे ९०० गुण असतात म्हणून ते लेखीच्या ९०० प्रमाणे प्रश्नागणिक वेचता येतील, ही कल्पना त्या पद्धतीचे अज्ञानच दाखवते.

दुसरा गोंधळ पर्सेंटाइलचा. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा अनेक सत्रांत होतात, म्हणून तेथे प्रत्येक सत्रातील किती परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत त्याचे शेकडा प्रमाण काढून तेच निकालात देतात. एनडीएची परीक्षा सर्वांसाठी एकाच दिवशी, एकाच प्रश्नसंचावर होते. येथे कच्चे गुणच अंतिम असतात, पर्सेंटाइल नसतो. गोंधळास निमित्त होते ते असे की, सैन्यात जाण्याच्या काही इतर वाटांवर जेईई मेन लागते : भूदलाच्या तांत्रिक प्रवेशयोजनेसाठी ती दिलेली असावी लागते आणि बारावीला भौतिक, रसायन व गणित मिळून किमान साठ टक्के लागतात, तर नौदलाच्या बी.टेक. योजनेत जेईई मेनच्या अखिल भारतीय क्रमवारीवरून एसएसबीचे बोलावणे येते. या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्यांचे नियम एनडीएला लावू नयेत.

बाकीचे समज एकेका वाक्यात निकालात काढण्याजोगे आहेत. बारावीचे गुण एनडीएच्या गुणवत्ता यादीत मिळवले जात नाहीत. जातीनिहाय राखीव जागा येथे नाहीत. साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या विद्यार्थ्यालाही तीच लेखी परीक्षा आणि तीच एसएसबी द्यावी लागते, एनसीसीच्या प्रमाणपत्राचेही येथे वेगळे गुण नाहीत. मुलींना ही परीक्षा बंद आहे, हे २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर खरे राहिलेले नाही. २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. लेखीच्या निकालात आसनक्रमांक वर आहे की खाली, याचा गुणानुक्रमाशी काहीही संबंध नाही.

लेखीचा निकाल लागताच ‘गुण का दाखवत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते, तिचेही उत्तर जाहीरनाम्यातच आहे. एसएसबी आटोपून अंतिम निकाल प्रसिद्ध झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत गुणपत्रके आयोगाच्या संकेतस्थळावर येतात आणि तीस दिवस तेथे राहतात. तोवर शिकवणी वर्गांच्या उत्तरसूचीवरून काढलेले गुण हा निव्वळ अंदाज असतो. गुणपत्रक त्या तीस दिवसांत उतरवून घ्यावे, आणि पुन्हा परीक्षेला बसावयाचे असेल तर त्यातील विषयवार गुण पुढ्यात ठेवून, गणित आणि सामान्य क्षमता यांपैकी कोणत्या पत्रिकेत आपण कमी पडलो, याचा ताळेबंद त्यावरूनच मांडावा.