तीन मिनिटांची अख्तरी, रात्रभराची बेगम

फोनोची चावी भरायची. मऊ फडकं रेघांच्या अंगानं गोल फिरवून तबकडीवरची धूळ टिपायची. नवी सुई बसवायची, कारण पोलादी सुई एका बाजूतच बोथट होते आणि तीच पुन्हा वापरली तर रेघा खरवडून काढते. मग हात अलगद खाली सोडायचा. आधी येते ती खरखर, तळणीत काहीतरी पडल्यासारखी. तिच्या आडून सारंगी आणि मग तो आवाज. लेबलावर ‘मेगाफोन’ कंपनीचं नाव, खाली अख्तरीबाई आणि नावाला जोडून गाव, फैजाबाद. तीन-सव्वातीन मिनिटांत सगळी गझल आटोपते. सुई मधल्या कोऱ्या जागेत घरंगळते आणि ऐकणाऱ्यांचा वाद सुरू होतो.

वाद नेहमीचाच. हीच गझल त्यांनी पुढे एलपीवर गायली, रेडिओवर गायली, घरगुती मैफलींत तर किती वेळा गायली. मग खरी कुठली? एक म्हणतो, तबकडीवरची. आवाज तेव्हा कोवळा होता आणि धारही होती. दुसरा म्हणतो, छे, पन्नाशीनंतरची मैफल ऐका, तोवर शब्दांचा अर्थ आयुष्यानं शिकवला होता. अख्तरीबाई, म्हणजे पुढच्या बेगम अख्तर, जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी हा वाद मिटलेला नाही. तो मिटू नये, असंच माझं मत आहे. त्या वादानंच त्यांचं गाणं सांभाळलं.

त्यांचा जन्म १९१४ चा, फैजाबादचा. पतियाळ्याचे अता मोहम्मद खाँ आणि किराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम झाली. १९३४ च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला. त्यातल्या आपद्ग्रस्तांसाठी कलकत्त्यात झालेल्या जलशात ही विशीच्या उंबरठ्यावरची मुलगी गायली आणि श्रोत्यांत बसलेल्या सरोजिनी नायडूंनी तिचं कौतुक केलं. मेगाफोनचे जितेंद्रनाथ घोष तिच्या तबकड्या काढू लागले. सुरुवातीच्या फारशा खपल्या नाहीत. मग बहजाद लखनवींच्या एका गझलेची तबकडी निघाली आणि अख्तरीबाई घराघरांत पोचल्या.

१९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न झालं आणि गाणं थांबलं. काही वर्षं पूर्ण शांतता. प्रकृती ढासळत गेली आणि अखेर १९४९ मध्ये लखनौ आकाशवाणीच्या मायक्रोफोनसमोर त्या पुन्हा बसल्या. पुढे तबकड्यांवरचं नाव बदललं. अख्तरीबाई फैजाबादीच्या जागी बेगम अख्तर आलं.

या नावबदलाचा अर्थ मराठी माणसाला थोडा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. ‘बाई’ म्हटलं की आपली मान आपोआप लवते. उत्तरेत ‘बाई’ हा शब्द कोठ्याची पाटी होऊन बसला होता. ती पाटी पुसल्याशिवाय बॅरिस्टरांच्या घरातली सून मैफलीला बसू शकत नव्हती. त्यामुळे आपल्याकडचे जुने रसिक आजही आदरानं ‘अख्तरीबाई’ म्हणतात, तेव्हा लखनौच्या जुन्या माणसांना ते जरा खटकतं. शब्द एकच, पण दोन गावांत त्याची किंमत वेगळी.

आता त्या आवाजाकडे येऊ. वरच्या सुरांकडे जाताना त्यांचा आवाज मध्येच चिरायचा. क्षणभरच, एखादं रेशमी कापड कडेला टरकावं तसा. दुसऱ्या कुणाचा आवाज असा फुटला असता तर गायिकेनं खोकल्याचं निमित्त केलं असतं. बेगमच्या बाबतीत लोक त्या चिरण्याचीच वाट पाहत. ती चीर कुठल्या शब्दावर पडते, कुठल्या सुराच्या आधी पडते, यावर रसिक तासन्तास बोलतात.

ही चीर कागदावर उतरवता येईल का? लखनौची गंमत अशी, की गाणं कागदावर पक्कं उतरवण्याचा सर्वांत मोठा खटाटोप याच शहरात उभा राहिला आणि तो एका मराठी माणसानं उभा केला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं आणि राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या पाठबळानं १९२६ मध्ये इथे संगीत महाविद्यालय निघालं. प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावानं ते मॅरिस कॉलेज झालं. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते जवळजवळ तीन दशकं चालवलं. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात ते भरू लागलं. आज ते भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर ही सगळी गायक मंडळी तिथूनच घडली.

भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल सुराला खाली आडवी रेघ आहे, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ आहे, सप्तकाला बिंदू आहेत, मींडेला कमान आहे, कणस्वराला डोक्यावर जागा आहे. आवाज चिरण्याला मात्र खूण नाही. असणार कशी? ती चीर बंदिशीच्या मालकीची नव्हती, एका गळ्याच्या मालकीची होती. पुढे याच महाविद्यालयात बेगम अख्तर शिकवू लागल्या. कागदावर न मावणारी ती वस्तू तिथल्या विद्यार्थ्यांनी समोर बसूनच ऐकली. इतरांसाठी ती यंत्रानं धरून ठेवली.

पण यंत्रालाही मर्यादा होत्या. दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरते. तिच्या तीन मिनिटांत गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, आणि आणखी मोजके शेर बसतात. दादऱ्यात शेवटी तबलजीनं लग्गी, म्हणजे तो जलद ठेका, धरली की श्रोते खरे फुलतात, पण तबकडीवर ती सुरू होते न होते तोच वेळ संपतो. म्हणून अख्तरीबाईंच्या तबकड्यांत एकही फालतू जागा सापडत नाही. पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकायचं, ही शिस्त त्यांना त्या तीन मिनिटांनीच लावली असावी. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. गालिबच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९६९ च्या आगेमागे, खय्याम यांच्या चालींवर मोहम्मद रफी आणि बेगम अख्तर यांची एलपी निघाली. ती आजही जुन्या बाजारात दिसली की संग्राहक खिसा चाचपतो.

मैफलीचं गणित निराळं. पेटी स्वतःच्या हातात, बाजूला सारंगी आणि तबला. गझलेची पहिली अर्धी ओळ एकदा सरळ म्हणायची. मग तीच पुन्हा, एका शब्दावर थोडं रेंगाळून. मग तिसऱ्यांदा, त्या शब्दाचा अर्थ उलटा करून. श्रोत्यांनी दुसरी अर्धी ओळ मनात म्हणून टाकलेली असते, तरी त्या ती देत नाहीत. अखेर देतात तेव्हा टेपवर एकदम वाहवा उसळते. स्टुडिओत ही वाहवा नसते, म्हणून ते ताणून धरणंही नसतं. दाद हा मैफलीतला चौथा साथीदार आहे.

शकील बदायुनींच्या एका गझलेची गोष्ट रसिक हमखास सांगतात. बेगम मुंबईहून परत निघाल्या होत्या. शकील बोरीबंदरला आले आणि गाडी सुटता सुटता त्यांनी चिठ्ठी हातात दिली. सकाळी भोपाळच्या आसपास बेगमनी डब्यातच पेटी काढली आणि चाल बसवली. पुढे त्या गझलेवाचून एकही मैफल सुटेना. तिची कितीतरी मुद्रणं फिरतात आणि एकही दुसऱ्यासारखं नाही.

ही घरगुती मुद्रणं बहुतेक स्पूलवरची. पाव इंच रुंदीची फीत सेकंदाला साडेसात किंवा पावणेचार इंच वेगानं सरकते. त्या फितीवरून कॅसेट, तिच्यावरून दुसरी कॅसेट, मग सीडी. प्रत्येक हस्तांतरात आवाज थोडा मळतो आणि डब्यावरचा मजकूर हरवतो. उरतं ते एवढंच: ‘बेगम, खासगी’. मग रसिकांचा शोध सुरू होतो. तो कुठल्याही पोलीस तपासाला लाजवील असा असतो.

पहिली खूण पेटीची. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी घातली होती. फितीवर पेटी ऐकू आली तर ते त्या वर्षांतलं रेडिओचं मुद्रण नसणार, मैफलीचं किंवा स्टुडिओचं असणार. दुसरी खूण सुराची. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. गाण्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळू लागला, तर समजावं की टेप मूळ वेगानं वाजत नाही. विजेचा दाब कमी पडला असेल नाहीतर उतरवून घेताना चूक झाली असेल. वेग सुधारला की आवाज आपल्या वयावर येतो आणि मग तरुणपणीची म्हणून गाजलेली एखादी मैफल पन्नाशीनंतरची निघते. तिसरी खूण श्रोत्यांची. दाद उर्दूत आहे की बंगालीत, मागे गाडीची शिटी आहे की रस्त्यावरचा फेरीवाला, हे सगळं कान देऊन ऐकलं जातं.

महाराष्ट्राला हे वेड नवं नाही. मुंबईत १९९० मध्ये तबकडी-संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि तिनं नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या आणि लेख छापले. चोरबाजारात लेबलाजवळ कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक भिंगातून वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना विचारलं तर सांगतील, की एकाच गाण्याच्या दोन खेपा वेगवेगळ्या असू शकतात आणि तो फरक क्रमांकातच कळतो. गाण्याच्या बाजूनं म्हणाल, तर शोभा गुर्टूंच्या ठुमरी-दादऱ्यावर बेगम अख्तरांची सावली आहे. संगीतकार मदन मोहन उमेदवारीच्या दिवसांत लखनौ आकाशवाणीवर होते. त्यांच्या गझला ऐकताना ते लखनौ पुसलं गेलेलं नाही, हे जाणवतं.

काश्मिरी कवी आगा शाहिद अली हे बेगमचे निस्सीम चाहते. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या कवीनं बेगमवर इंग्रजीत कविता लिहिली. म्हणजे हे वेड लखनौच्या गल्लीत संपत नाही, सातासमुद्रापार जातं.

कार्यक्रमासाठी अहमदाबादला गेल्या असताना ३० ऑक्टोबर १९७४ रोजी बेगम अख्तर गेल्या. लखनौच्या ठाकूरगंज भागात, पसंदबागेत, आई मुश्तरीशेजारी त्यांची कबर आहे. कधीकाळी तिथे आंब्याची बाग होती, पुढे वस्तीनं ती गिळली आणि कबर दुर्लक्षित पडली. २०१२ मध्ये शिष्या शांती हिरानंद, इतिहासकार सलीम किदवई आणि इतर चाहत्यांच्या खटपटीनं तिची डागडुजी झाली. आता लाल विटांच्या कठड्याआड जडावकाम केलेला संगमरवर आहे. दगडाची डागडुजी एकदा केली की वर्षानुवर्षं टिकते. फितीचं तसं नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, थर सुटतो, वेढे एकमेकांना चिकटतात.

म्हणून एक विनंती. आजोबांच्या कपाटात, माळ्यावरच्या ट्रंकेत स्पूल किंवा कॅसेट सापडली तर भंगारात देऊ नका. जुन्या यंत्रावर घाईनं वाजवूही नका, जाणकाराला आधी दाखवा. आणि घरातलं वयस्कर माणूस आठवणीनं सांगू शकत असेल तोवर डब्यावर चार गोष्टी लिहून घ्या: गाणारं कोण, साथीला कोण, गाव कुठलं, साल कुठलं. गाणं यंत्र सांभाळील. या चार गोष्टी मात्र माणसालाच लिहाव्या लागतात.