विश्लेषण : जुन्या मोटारीचे अंतरंग नवे करताना काय पाहावे?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र आजही काही घरांच्या दारात, सोसायट्यांच्या आवारात उभ्या आहेत. वडिलांची किंवा आजोबांची अशी गाडी पुन्हा चालती करायची ठरली की पहिला खर्च हमखास सीट कव्हर आणि डॅशबोर्डवर होतो. पण हा क्रम चुकीचा का, काय बदलावे, काय जपावे आणि कायद्याची मर्यादा कुठे आहे, याविषयी...

सुरुवात सीटपासून का नको?

जुन्या गाडीच्या अंतरंगाचा खरा शत्रू पाणी. काचांभोवतीचे रबर काही वर्षांत कडक होऊन तडकते. पावसाचे पाणी तिथून आत येऊन कार्पेटखालच्या जाड अस्तरात मुरते. वरून सारे कोरडे दिसते, खाली तळाचा पत्रा गंजत राहतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छत मिळून एकच सांगाडा आहे आणि सीट त्याच तळाला बोल्टने घट्ट केलेल्या असतात. तळ कुजला असेल तर वरची नवी कोरी सीटही सुरक्षित नाही.

त्यामुळे सीट, कार्पेट आणि दारांचे पुठ्ठे काढून पत्रा टोकरून पाहणे हे पहिले काम. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. त्यावर गंजरोधक प्रायमर लावून, रबर बदलून, काचा बंद करून पाइपने पाणी मारावे. आत थेंब आला नाही, तरच पुढचे काम.

वायरिंग कधी बदलावे?

कार्पेट आणि छताचे कापड बसण्यापूर्वी. जुन्या वायरींचे आवरण उन्हाने ठिसूळ होते. त्यात म्युझिक सिस्टीम, चार्जर, दिवे यांचे जोड दिले जातात. गाडीची वीज १२ व्होल्टची असते. २४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर २० अ‍ॅम्पिअर प्रवाह लागतो. बारीक जुनी वायर तो पेलू शकत नाही. ती तापते आणि फोम, कापड शेजारीच असते. नव्या उपकरणासाठी पुरेशी जाड वेगळी वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

मूळ रूप जपावे की हौस भागवावी?

जुन्या सीटमध्ये स्प्रिंग, काथ्या आणि वर रेक्झिन असे. स्प्रिंग शाबूत असतील तर काथ्याच्या जागी चांगला फोम घालून सीट पुन्हा उभी राहते. जुने कव्हर मात्र फेकू नये. नव्या शिलाईसाठी तेच माप आणि तोच नमुना. उन्हात रेक्झिन तापते, कापड घाम शोषते पण लवकर मळते. निवड वापरानुसार करावी.

सोपा निकष असा : जो बदल पुन्हा मागे घेता येतो, तो बिनदिक्कत करावा. कव्हरचा रंग, चटया, छताचे कापड यांत मोडतात. स्टीरिओसाठी डॅशबोर्डचा पत्रा कापला की तो कापलाच. त्यापेक्षा स्टीरिओ सीटखाली किंवा कप्प्यात बसवता येतो.

सुरक्षिततेचे काय?

जुन्या गाड्यांत मागे सीटबेल्ट नसतात. ते बसवताना साध्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावणे धोक्याचे आहे, कारण धडकेत तो पत्रा फाटून बोल्ट निघू शकतो. मागून मजबुतीची जाड पट्टी लागते. तुलनेने नव्या गाड्यांत काही एअरबॅग सीटच्या कडेला असतात. तिथे घट्ट कव्हर शिवले तर त्या उघडण्यात अडथळा येतो. हौसेने स्टीअरिंग बदलले तर त्यातील एअरबॅगही जाते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सीटचे कापड त्यात मोडत नाही, पण आसनसंख्या प्रमाणपत्रावर असते. पुढची सलग सीट काढून दोन वेगळ्या सीट बसवल्याने ती संख्या बदलत असेल, तर आधी आरटीओत विचारावे. नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. काचांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते.

‘व्हिंटेज’ नोंदणीचा फायदा कोणाला?

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न केलेली दुचाकी-चारचाकी यासाठी पात्र ठरते. नोंदणी शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. म्हणजे तिच्या सुरुवातीच्या गाड्या आता पन्नाशी गाठत आहेत. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी हौसेने सांगाड्यात काटछाट केली, त्यांना तिचे मोल आता कळेल. जुनी गाडी घरात असेल तर आधी कार्पेट उचलून पाहावे. कापड निवडायला नंतर वेळ आहे.