दूरस्थ दीर्घिकेंतील चुंबकाचा माग

चुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस पसरला म्हणजे त्याच्या रेषा उमटतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु जेथून प्रकाशास येथवर यावयास सुमारें १ कोटी २० लक्ष वर्षें लागतात, तेथील चुंबकत्व कसें ओळखावें? त्याची साक्ष प्रकाशच देतो.

साधारण प्रकाशलहरींचें कंपन सर्व दिशांनीं होतें. तें एकाच दिशेंत बांधलें गेलें म्हणजे त्या प्रकाशास ध्रुवित म्हणतात. कुळगावच्या वाचकांनीं ऊन कलल्यावर उल्हास नदीच्या कांठीं पोलरॉइड कांचेचा चष्मा डोळ्यांपुढें धरून हळूहळू फिरवावा. पाण्यावरील चकाकी कमीअधिक होतांना दिसेल. परावर्तनानें ध्रुवित झालेला प्रकाश तो हाच.

आतां सप्तर्षींकडे वळूं. त्यांच्या परिसरांत एम् ८२ नांवाची दीर्घिका आहे. वडिलार्जित ठेव एकाच पिढीनें उधळावी, तशी ती आपल्या वायूचा सांठा नव्या तारका घडविण्यांत झपाट्यानें खर्चीत आहे. मोठ्या तारकांच्या स्फोटांनीं उठलेला झंझावात वायु व धूळ बाहेर लोटतो. धुळीचे लांबट कण चुंबकरेषांशीं काटकोनांत राहतात; त्यामुळें त्यांचे उष्णतेचे किरण ध्रुवित होतात. त्या किरणांच्या कंपनाची दिशा मोजली कीं तिच्याशीं काटकोनांतील दिशा ती चुंबकाची!

हे किरण वातावरणांतील बाष्प अडवितें. म्हणून अमेरिका व जर्मनी यांनीं ‘सोफिया’ नांवाच्या विमानांतच दुर्बीण बसविली होती. २०२२ सालीं तिचें कार्य संपलें. पण २०१९ सालीं तिनें दाखविलें कीं, एम् ८२ मधील चुंबकक्षेत्र झंझावाताबरोबर दीर्घिकेच्या चकतीबाहेर ओढलें गेलें आहे. दीर्घिकांमधील अफाट पोकळींत चुंबकत्व कोठून आलें, या कूटप्रश्नास यामुळें एक धागा मिळाला.

नभोवाणीच्या जातीच्या लहरींतही हीच साक्ष सांपडते. आमच्या शेजारच्या कल्याणास १९६५ सालीं टाटा संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ थाळ्यांची दुर्बीण उभारून सूर्य न्याहाळला. पुढें त्यांच्याच नेतृत्वाखालीं नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या, व त्यांच्या साह्यानें दीर्घिकांच्या चुंबकक्षेत्रांचाही अभ्यास झाला आहे. घरांतील मुलामुलींस पालकांनीं त्या एकदां अवश्य दाखवाव्यात.