लेकरू बरोबर असता मुक्काम कोठे करावा?

परतीच्या वाटेवर बैलाला हाकावे लागत नाही, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको. घराची ओढ त्याचे पाय आपोआप उचलते. माणसाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, बैल थकला म्हणजे थांबतो. मोटार चालविणारा गृहस्थ मात्र थांबत नाही.

समजा, वसईकडील एक कुटुंब बडोद्याच्या नातलगांकडील लग्न आटोपून स्वतःच्या मोटारीने घरी निघाले आहे. आईबाप, आजी आणि तीन वर्षांचे लेकरू. निरोप घेता घेता दुपार झाली. वापी आली तेव्हा सूर्य कलला होता. वडील म्हणतात, "आता राहिले किती? सव्वाशे किलोमीटर. रात्रीचे जेवण घरीच करू." हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी उच्चारले असेल! आणि सर्व प्रवासात अधिक विचार करण्याजोगे वाक्य हेच आहे.

कारण हे सव्वाशे किलोमीटर सकाळच्या सव्वाशेसारखे नसतात. भिलाड, तलासरी, चारोटी, मनोर अशी गावे मागे टाकीत जाणारा हा महामार्ग मुंबई व गुजरात यांमधील मालवाहतुकीचा प्रमुख रस्ता होय. अंधार पडला की समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, कडेला उभा असलेला मालट्रक अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिवसभर चाक धरून बसलेल्या माणसाचे लक्ष मंदावलेले असते.

त्यातच मागच्या आसनावरचे लेकरू रडू लागते. भूक, झोप आणि दिवसभराचे जखडून बसणे, तिन्ही एकाच वेळी अनावर होतात. आईच्याने ते पाहवत नाही. ती पट्टा सोडून त्याला मांडीवर घेते. म्हणजे ज्या घटकेला रस्ता अधिक धोक्याचा, नेमक्या त्याच घटकेला मूल मोकळे होते! मोटार एकाएकी थांबली तर आईच्या हातांची मिठी, ती कितीही घट्ट असली तरी, मुलाला धरून ठेवू शकत नाही. वेगाच्या धक्क्यापुढे माणसाचे बळ अपुरे पडते. म्हणूनच २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षापट्टा वा मुलांसाठीचे खास आसन आवश्यक केले असून, तसे न केल्यास एक हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाचे सोडा, पण आईला पट्टा सोडण्याचा मोह होण्यापूर्वीच मुक्काम गाठावा, हा खरा शहाणपणा.

तेव्हा मुक्कामाचे गणित किलोमीटरांवरून नव्हे, तर मुलाच्या संध्याकाळवरून मांडावे. मूल साडेआठला झोपत असेल तर साडेसातला त्याच्या पोटात ऊन भात पडावयास हवा. त्यासाठी सातला खोली हाती यावी, आणि त्यासाठी सहाच्या सुमारास महामार्ग सोडावा. हा निर्णय घरून निघतानाच घेऊन खोली ठरवून ठेवावी. थकलेल्या माणसाने भर रस्त्यात घेतलेला निर्णय बहुधा घराच्याच बाजूने लागतो.

वरील कुटुंबाला थांबण्याजोगे गाव जवळच आहे. ते म्हणजे सेलवास, ज्याला आपण आमली असेही म्हणतो. वापीहून ते सुमारे अठरा किलोमीटर आत आहे. सकाळी पुन्हा वापीस जाण्याचे कारण नाही. नरोलीवरून भिलाडला महामार्ग मिळतो. गाव महामार्गापासून दूर असल्याने रात्रभर ट्रकांचे भोंगे कानी येत नाहीत. मात्र येथे कारखाने पुष्कळ. पाळी सुटण्याच्या वेळी रस्ते गजबजतात, हे ध्यानी ठेवावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुजरात राज्यात त्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. या प्रदेशात ती नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी शेजारून पिण्यासाठी येणाऱ्यांची येथील हॉटेलांत गर्दी होते. खोली ठरविताना संकोच न करता विचारावे: मद्यालय कोणत्या मजल्यावर आहे? रात्री वाद्ये वाजतात काय? आमची खोली त्यापासून लांब मिळेल काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसरे ठिकाण पाहावे.

पैसे भरण्यापूर्वी आईने खोली स्वतः पाहावी. खिडकीला गज वा जाळी आहे ना, सज्जाच्या कठड्यातून लहान डोके बाहेर निघत नाही ना, पोहण्याचा तलाव दारातच उघडा नाही ना, हे तपासावे. पलंग भिंतीला घट्ट लावून घ्यावा. पावसाळ्यात मच्छरदाणी बरोबर असावी. दूध उकळून व भात मऊ करून मिळेल काय, हे आधीच विचारावे. आजीसाठी तळमजल्याची खोली मिळाल्यास उत्तम.

खानवेल आणि त्यापलीकडे दुधनीचा जलाशय ही स्थळे रम्य खरी. परंतु तिकडचा रस्ता डोंगरातून व रानातून जातो. रम्य स्थळ आणि थकल्या लेकराचे मुक्कामाचे स्थळ एकच असते असे नाही. ते दुसऱ्या दिवसाच्या उजेडासाठी राखून ठेवावे.

जेवण झाल्यावर मुलांना गोष्ट हवी असते, आणि आमलीजवळ ती आयतीच आहे. हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले. त्या लढ्यात गायक सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून ओळखले गेलेले बाबासाहेब पुरंदरे हेही होते. नंतर सात वर्षे येथील लोकांनी आपला कारभार आपणच पाहिला. १९६१ साली भारतात विलीन होण्याच्या करारावर पंडित नेहरूंसमवेत सही करता यावी म्हणून बदलानी नावाच्या अधिकाऱ्यास एका दिवसापुरते येथील पंतप्रधान करण्यात आले! एका दिवसाचा पंतप्रधान ऐकून मोठी मुले हसतील, आणि धाकटे तोवर झोपी गेलेले असेल.

मुक्काम शनिवारचा असल्यास रविवारच्या मिस्साचीही चिंता नको. पोर्तुगीज अमदानीतील 'अवर लेडी ऑफ पायटी' हे ख्रिस्तमंदिर गावातच आहे. मिस्साची वेळ तेवढी आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावी.

खोलीला पैसे पडतात, हे खरे. संसारी माणसाला ते जड वाटणारच. पण सकाळी न्याहारी करून, ताज्या डोळ्यांनी, पट्ट्यात आनंदाने बसलेल्या लेकरासह निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला घरी पोहोचते. एका रात्रीचा उशीर झाला इतकेच. आणि घर काही कोठे पळून जात नाही.