संगणकावरील क्रीडास्पर्धा : यंत्रनिवडीपासून प्रेक्षणीयतेपर्यंत

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काही विद्यार्थी व तंत्रज्ञ एका संगणकाभोवती जमले होते. निमित्त होते 'स्पेसवॉर' या खेळाच्या स्पर्धेचे. दहा वर्षांपूर्वी, १९६२ साली, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या खेळात ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाशी झुंजत अंतराळयाने परस्परांवर मारा करीत असत. विजेत्यासाठी ठेवलेले पारितोषिक होते 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाची एका वर्षाची वर्गणी.

त्या खोलीत दोन प्रश्न उद्भवलेच नाहीत. सर्व खेळाडू एकाच यंत्रावर खेळत असल्यामुळे कोणाचे यंत्र अधिक चांगले, हा वाद नव्हता; आणि जे थोडे प्रेक्षक होते ते खेळाडूंच्या खांद्यांवरून डोकावून खेळ पाहू शकत होते. पुढे प्रत्येक खेळाडूचे यंत्र स्वतंत्र झाले, प्रेक्षक हजारो मैल दूर गेले आणि हे दोन्ही प्रश्न उभे राहिले. सामना न्याय्य व्हावा म्हणून यंत्र कसे असावे? आणि तो पाहणाऱ्याला कळावा कसा? संगणकावरील क्रीडास्पर्धांचा पुढचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा शोध होय.

खेळाचे स्वरूप

उदाहरणादाखल 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ घेऊ. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून तो तयार केला. पुढे 'व्हॉल्व्ह' या कंपनीने तो स्वीकारला व २००० साली विक्रीस आणला. त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

खेळाचा गाभा साधा आहे. प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ असतात. एका संघाने ठरावीक दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्याने त्याला अडवायचे. फेरीसाठी १ मिनिट ५५ सेकंद मिळतात. बॉम्ब ठेवला गेला, तर तो ४० सेकंदांनी फुटतो. जो खेळाडू पडला तो त्या फेरीपुरता बाद. प्रत्येक फेरीच्या आरंभी शस्त्रे विकत घ्यावी लागतात. सामन्याच्या प्रारंभी प्रत्येकाजवळ ८०० डॉलर इतका खेळातला पैसा असतो, तर चांगल्या रायफलीला २७०० डॉलर मोजावे लागतात. म्हणून हरणाऱ्या संघाला पुढच्या फेरीत उसनवारीने लढावे की हात आखडून पैसा साठवावा, हा निर्णय घ्यावा लागतो. नेमबाजीइतकाच हा हिशेबाचाही खेळ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

विलंबाची साखळी

एखादा प्रतिस्पर्धी भिंतीआडून बाहेर आला, की तो दिसण्यापासून बोट दाबले जाईपर्यंत माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागतात. सराव आणि अंदाज यांच्या बळावर खेळाडू हा अवधी थोडासा घटवू शकतो. नाहीसा करू शकत नाही. या मानवी विलंबात यंत्राचा विलंब मिसळतो. हाताची हालचाल माउसने टिपायची, संगणकाने तिचा अर्थ लावायचा, नवे चित्र तयार करायचे आणि पडद्याने ते दाखवायचे, अशी ही साखळी आहे. यंत्रनिवड करणे म्हणजे या साखळीतील प्रत्येक कडीचा विलंब शक्य तितका कमी करणे.

पडद्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर. सामान्य पडदा एका सेकंदात ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर हा काळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे जवळजवळ १० मिलिसेकंदांचा लाभ झाला. २४० वेळांचा पडदा सोडून ३६० वेळांचा घेतला, तर लाभ होतो अवघा १.४ मिलिसेकंदांचा. किंमत वाढत जाते आणि तिच्या बदल्यात मिळणारे फळ मात्र घटत जाते, हा यंत्रनिवडीचा मूलभूत नियम आहे. पहिल्या पायरीवर खर्च केलेला रुपया सर्वांत अधिक काम करतो.

तथापि, पडदा कितीही वेगवान असला, तरी त्याला चित्रे पुरविणारा संगणक मागे पडला, तर तो वेग व्यर्थ जातो. नवखे लोक सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड घेण्याकडे झुकतात. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात बहुधा प्रोसेसरच्या शक्तीवर अधिक भिस्त असते. कारण व्यावसायिक खेळाडू चित्राची शोभा मुद्दाम कमी ठेवतात. सावल्यांचे बारकावे, पाण्यावरची झळाळी यांचा त्यांना उपयोग नसतो. त्यांना हवे असते ते वेगाने बदलणारे, स्पष्ट आणि एकसारख्या गतीचे चित्र.

माउसच्या बाबतीतही हेच. तो हातात नीट बसावा, हलका असावा आणि आपली स्थिती संगणकाला वारंवार कळवावी, एवढे पुरे. सामान्य माउस सेकंदाला १२५ वेळा स्थिती कळवतो, स्पर्धेतला १००० वेळा वा त्याहून अधिक. ज्याला बाहेरचा माणूस 'संवेदनशील' म्हणेल असा माउस मात्र बरेच निष्णात खेळाडू टाळतात. ते माउसचा पल्ला इतका मंद ठेवतात, की मागे वळण्यासाठी हात बराच सरकवावा लागतो. म्हणून त्यांच्यासमोर माउसखालचे कापड मोठे अंथरलेले दिसते. बोटांच्या थरथरीपेक्षा संपूर्ण हाताची हालचाल अधिक अचूक असते, हे त्यामागचे कारण. कीबोर्ड असा असावा, की एकाच वेळी अनेक कळा दाबल्या तरी एकही सुटू नये. हेडफोन हे येथे चैनीचे साधन नव्हे. भिंतीपलीकडील पावलांची दिशा कानांनीच कळते.

अंतराचे बंधन

साखळीतली शेवटची कडी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. दोन खेळाडूंचे संगणक एका मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेले असतात आणि कोणी कोणाला टिपले, याचा निवाडा तोच सर्व्हर करतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर आहे. जाऊन येऊन सुमारे ३९ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष तारा वळणावळणाने जातात, म्हणून त्याहून अधिक. पडदा बदलून जे दहा मिलिसेकंद वाचवले, त्याच्या कितीतरी पट येथे खर्ची पडतात. निसर्गनियमापुढे पैशाचे काही चालत नाही.

यावर तोड म्हणून सर्व्हर एक युक्ती करतो. गोळी झाडली गेल्याचा निरोप आला, की तो काळ किंचित मागे नेतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते तपासतो. परिणामी झाडणाऱ्याला न्याय मिळतो. पण भिंतीआड पोहोचल्यावरही आपण मारलो गेलो, असा अनुभव दुसऱ्याला येतो. एकाचा न्याय तो दुसऱ्याचा अन्याय ठरावा, अशी ही कोंडी आहे. म्हणूनच महत्त्वाच्या स्पर्धांचे अंतिम सामने सर्व खेळाडूंना एकाच सभागृहात आणून खेळवले जातात. तेथे संगणक व पडदे आयोजकांचे, सर्वांना सारखे. माउस, कीबोर्ड मात्र ज्याचे त्याचे, कारण हात त्यांनाच सरावलेले असतात. क्रिकेटमध्ये खेळपट्टी सर्वांची आणि बॅट आपापली, तसाच हा प्रकार.

प्रेक्षकाचा शोध

दुसऱ्या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर दक्षिण कोरियात मिळाले. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे 'पीसी बांग' नावाची भाड्याने संगणक देणारी केंद्रे गल्लोगल्ली निघाली आणि वेगवान इंटरनेटचा झपाट्याने प्रसार झाला. त्याच सुमारास, १९९८ साली, 'ब्लिझर्ड' कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा युद्धनीतीचा खेळ बाजारात आला. २००० साली स्पर्धांचे नियमन करणारी संघटना स्थापन झाली. केवळ या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली.

स्टारक्राफ्ट पाहण्यास सोपा मुळीच नव्हता. निष्णात खेळाडू मिनिटाला ३०० च्या आसपास क्रिया करतो. त्या डोळ्यांना टिपता येत नाहीत. कोरियन निर्मात्यांनी ओळखले, की प्रेक्षकाला प्रत्येक क्रिया दाखवण्याची गरजच नाही. त्याला हेतू कळला पाहिजे. खेळाडूला फक्त आपल्या सैन्याच्या दृष्टीच्या टप्प्यातले दिसते, उरलेल्या रणभूमीवर धुके असते. प्रेक्षकासाठी ते धुके उठवले गेले. एक खेळाडू गुप्तपणे विमाने बांधतो आहे आणि दुसरा निश्चिंतपणे भूदल वाढवतो आहे, हे एकाच वेळी दिसले, की नाट्य आपोआप निर्माण होते. रंगभूमीवरील पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असावे, ही जुनी नाट्ययुक्ती येथे नव्याने उपयोगी पडली. जोडीला समालोचक होते. एक घटनांचा वेग शब्दांत पकडणारा, इतर त्यांचा अर्थ उलगडणारे. २००४ साली बुसान शहरातील ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचे वृत्त होते. लिम यो-ह्वान हा खेळाडू घराघरांत पोहोचला. सक्तीच्या लष्करी सेवेत तो गेला, तेव्हा वायुदलाने आपला स्वतंत्र संघच उभारला.

काउंटर-स्ट्राइकपुढील अडचण वेगळी होती. मैदानी खेळात कॅमेरा एका जागी असतो आणि तेथून दिसेल तेवढेच दाखवता येते. संगणकावरील सामना ही मुळात माहिती असल्यामुळे तो कोठूनही पाहता येतो. प्रश्न उरतो तो निवडीचा. दहा खेळाडू दहा ठिकाणी आहेत आणि निर्णायक क्षण अर्ध्या सेकंदात संपतो. त्यामुळे 'निरीक्षक' नावाचा नवा व्यवसाय जन्मास आला. कोण कोणाला कोठे गाठणार, हे नकाशावरून आधीच ताडून तो योग्य खेळाडूच्या नजरेत प्रेक्षकाला नेऊन बसवतो. खेळाडूंच्या आकृत्या भिंतीपलीकडूनही रेखांकित दाखवल्या जातात. पडद्याच्या कडेला प्रत्येकाची शस्त्रे व शिल्लक पैसा दिसतो. प्रेक्षकाला इतके दिसत असल्यामुळे ते खेळाडूपर्यंत पोहोचू नये, हीही दक्षता घ्यावी लागते. यास्तव प्रक्षेपण थोडे उशिराने केले जाते आणि सभागृहातील आरोळ्या कानी पडू नयेत म्हणून खेळाडूंचे कान बंदिस्त ठेवले जातात.

नियमांनाही प्रेक्षकाकडे पाहून मुरड घालावी लागली. पूर्वी सामना जिंकण्यासाठी १६ फेऱ्या जिंकाव्या लागत. २०२३ पासून १३ पुरतात. कबड्डीतील चढाईला ३० सेकंदांची मर्यादा घालण्यामागेही खेळ रेंगाळू नये हाच विचार होता.

विश्वासाचा प्रश्न

प्रेक्षक आले, त्यांच्यामागे पैसा आला आणि पैशामागे प्रलोभन. २०१० साली कोरियात स्टारक्राफ्टचे सामने ठरवून हरल्याचे उघडकीस आले. अकरा खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्याच वर्षी प्रक्षेपणाच्या हक्कांवरून ब्लिझर्ड आणि कोरियन संघटना यांच्यात तीव्र वाद झाला. या वादाने एक मूलभूत भेद उजेडात आणला. कबड्डी किंवा बुद्धिबळ यांचा कोणी मालक नाही. संगणकावरील बहुतेक खेळ मात्र कोणत्या ना कोणत्या कंपनीची मालमत्ता आहेत. मैदान, चेंडू आणि नियमपुस्तक हे सारे एकाच्या मालकीचे असेल, तर खेळाडू व प्रेक्षक यांचा त्यावर अधिकार किती, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या स्पर्धांना बहुक्रीडा स्पर्धांच्या वर्गात स्थान दिले. तत्पूर्वी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, जेथे हे खेळ प्रात्यक्षिक म्हणून होते, तीर्थ मेहता याने 'हार्थस्टोन' खेळात कांस्यपदक मिळवले होते. २०२३ साली हांगझोऊ येथे ते पदकांसाठी खेळले गेले. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि क्रीडास्पर्धा यांच्यात स्पष्ट रेषा आखली. ही रेषा घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातही उमटली, तरच संगणकापुढे बसलेल्या मुलाकडे खेळाडू म्हणून पाहिले जाईल.

महाग यंत्राने खेळाडू घडत नाही. पण सदोष यंत्र त्याचे कौशल्य झाकून टाकते. तसेच उत्तम प्रक्षेपणाने नीरस सामना रंगत नाही. पण सदोष प्रक्षेपणात रंगलेला सामनाही वाया जातो. यंत्राचे आणि प्रक्षेपणाचे काम एकच आहे: खेळाडूचा हेतू आणि तो पाहणारा डोळा यांच्यामध्ये शक्य तितके कमी अडथळे ठेवणे. १९७२ साली त्या खोलीत ते आपोआप घडले होते. आज तेच पुन्हा साधण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो.