डोंगरउतारावरच्या गवतासाठी कोणते यंत्र घ्यावे?



पाऊस ओसरू लागला की मंडळ्यांमधून एक प्रश्न हमखास विचारला जातो: "वाड्यांवरच्या लोकांना गवत कापायला अजून विळाच का? एखादे चांगले यंत्र घेऊन देऊ या की!" यंदा एका मंडळीने बसून चालवायचे मोठे यंत्र देण्याची तयारी दाखवली आहे. या देणगीबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण ती स्वीकारण्याआधी हा विषय सगळ्यांसमोर नीट मांडावा, असे मला वाटते.

कोल्हापूर म्हटले की शिरोळ-हातकणंगल्याची सपाट जमीन आणि ऊस डोळ्यांपुढे येतो. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी आणि भुदरगडच्या डोंगरात चित्र वेगळे आहे. गगनबावड्यात जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. जांभ्या खडकाच्या सड्यांवर मातीचा थर पातळ असतो. तिथे ऊस नाही, गवत येते. धनगरवाड्यावरच्या कुटुंबाचा संसार म्हशींवर आणि म्हशी या गवतावर. पावसाळ्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत जेवढे गवत कापून, वाळवून गंजी लागेल, तेवढीच उन्हाळ्याची वैरण. ती कमी पडली की वैरण विकत आणायची, नाहीतर जनावर विकायचे.

शिवाय घाई करावीच लागते. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेले गवत सकस असते. त्यानंतर काडी राठ होते आणि कस उतरतो. कुसळी गवत पिकले तर त्याची कुसळे जनावरांच्या तोंडात टोचतात. उलट फार लवकर कापले तर परतीच्या पावसात भिजून कुजते. उभे राहून वाळलेले गवत पुढे वणव्याला सरपण होते. म्हणून हातांची गती वाढवणे गरजेचे आहे, हे खरेच. कोणत्या साधनाने वाढवायची, एवढाच प्रश्न आहे.

आधी उतार मोजावा

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर यंत्र नेऊ नये, अशी सूचना असते. हा उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. 10 फूट लांबीचा सरळ बांबू घ्यावा. त्याचे एक टोक चढाकडच्या जमिनीला टेकवावे, गवंड्याची पाणसळ ठेवून बांबू आडवा सरळ धरावा आणि दुसऱ्या टोकापासून खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते सुमारे 2 फूट 8 इंच भरले, तर उतार 15 अंशांचा आहे. त्याहून जास्त भरले, तर बसून चालवायचे यंत्र तिथे उलटण्याचा धोका असतो. आपल्या वाड्यांच्या बहुतेक कुरणांत या मापात बसणारे तुकडे थोडेच सापडतात, आणि त्यांतही दगड असतात.

ट्रॅक्टरला जोडायच्या स्लॅशरची अडचण वेगळीच आहे. तो गवत ठेचून, तुकडे करून पसरतो. मैदान साफ करायला ते ठीक, पण त्याची पेंढी बांधता येत नाही. आपल्याला जमीन नुसती मोकळी करायची नाही, वैरण घरी आणायची आहे. भात-गहू कापणारे रीपर गवत ओळीत पाडते, पण त्याला बऱ्यापैकी सपाट आणि बिनदगडी जमीन लागते. आणि ज्या वाड्यावर मोटार जात नाही, तिथे यंत्र माणसाच्या खांद्यावरून गेले पाहिजे. हा नियम लावला की यादी आपोआप लहान होते.

ब्रशकटर: कसा निवडावा

खांद्याला पट्ट्याने अडकवून चालवायचा ब्रशकटर या नियमात बसतो. तो घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट इंजिन. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते, पण पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळावे लागते. पुस्तिकेत 25 ला 1 असे प्रमाण असेल तर 1 लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर ऑइल, 50 ला 1 असेल तर 20 मिलिलिटर. अंदाजाने ओतले की इंजिन बिघडते. फोर-स्ट्रोकला साधे पेट्रोल चालते आणि ऑइल वेगळे भरतात, पण वजन थोडे वाढते. उतारावर यंत्र सारखे तिरपे होते, म्हणून तिरप्या स्थितीतही इंजिनला ऑइल पोहोचते का, हे दुकानदाराला आधी विचारावे.

दुसरी गोष्ट पाते. नायलॉनच्या दोरीने गवताचा भुगा होतो. घराभोवती आणि दगडांच्या कडेला ती उपयोगी, वैरणीला नाही. तीन टोकांचे पाते जाड गवत आणि लहान झुडपांसाठी. वैरणीसाठी बारीक दातांचे गोल पाते आणि कापलेले गवत एका बाजूला पाडणारी जाळी घ्यावी. मग मागून येणारी माणसे सहज पेंढ्या बांधतात.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. मलकापूर किंवा गारगोटीच्या बाजारात ज्या यंत्राचा प्लग, दोरी आणि क्लच मिळतो, तेच यंत्र चांगले. दूरच्या शहरातून स्वस्तात आणलेले यंत्र हंगामाच्या मध्यावर बंद पडले, तर ते हंगामभर बंदच राहते.

चौथी गोष्ट सुरक्षितता. डोळ्यांना गॉगल, कानांना बोळे, पायांत जाड बूट आणि नडग्यांवर संरक्षण हवेच. चालू यंत्रापासून इतर माणसे व मुले 15 मीटर दूर असावीत, कारण पात्याला लागलेला खडा गोळीसारखा सुटतो. उतारावर आडवे चालत कापावे. सरळ खाली उतरत कापू नये. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये आणि ते वाळल्या गवतावर ठेवू नये. वणवा टाळायला आणलेल्या यंत्रानेच वणवा लागायला नको.

कापताना बुंधा 3-4 इंच ठेवावा. पाते दगडावर आपटत नाही, बहुवर्षायु गवत पुन्हा फुटते आणि उतारावरची माती धरून राहते. मारवेलसारख्या चांगल्या गवताचा एखादा पट्टा बी पडेपर्यंत राखून ठेवावा.

विळा टाकून देऊ नये

दगडांच्या बेचक्यांत आणि कड्याच्या काठावर विळाच चालतो. पण विळ्यातही फरक आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला दातेरी वैभव विळा हलका आहे. दातेरी असल्याने त्याला सारखी धार लावावी लागत नाही. यंत्राच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत वाड्यावरच्या प्रत्येक बाईच्या हाती असा एक विळा देता येतो.

कापलेली वैरण वाया न जाणे हीसुद्धा कमाईच आहे. अख्ख्या पेंढीतले राठ बुडखे म्हैस बाजूला टाकते. कुट्टी केली तर बरेचसे खाल्ले जाते. कडबाकुट्टी आपल्या भागाला जुनीच ओळखीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात उद्योग सुरू केला तो कडबा कापण्याच्या यंत्राने आणि लोखंडी नांगराने. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, या समजुतीमुळे सुरुवातीला तो कोणी घेईना. शेतकऱ्याने स्वतः चालवून पाहिल्याशिवाय अवजार त्याचे होत नाही, हे तेव्हाही खरे होते. वाड्यावर वीज भरवशाची नसेल तर हाताने चाक फिरवायची कुट्टी घ्यावी. गवत आत सारताना बोटे आत ओढली जाऊ नयेत म्हणून तोंडाशी झाकण हवेच.

यंत्र कोणाच्या नावावर?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. गवतकापणीची मजुरी बायकांच्या हातात पडते. यंत्र आले की ते पुरुषाच्या खांद्यावर जाते आणि ती मजुरीही तिकडेच जाते. मदत म्हणून दिलेली वस्तू अशाने एका घराचे काम हलके करते आणि दुसऱ्या घराची चूल विझवते. म्हणून ब्रशकटर वाड्यावरच्या महिला बचत गटाच्या मालकीचा असावा, असा आमचा आग्रह आहे. चालवणाऱ्याला मजुरी, गटाला भाडे, आणि भाड्यातला ठराविक भाग दुरुस्तीसाठी बाजूला. पेंढ्या बांधणे व वाहणे यांचे दरही बायकांना विचारूनच ठरावेत.

कृषी यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेत अशा अवजारांना अनुदान मिळते आणि महाडीबीटीवर अर्ज करता येतो. मात्र वैयक्तिक अर्जासाठी नावावर जमीन असावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राहूनही ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांच्यापर्यंत ही योजना पोहोचत नाही. आपली देणगी नेमकी तिथे कामी येते.

आमचा प्रस्ताव

मोठ्या यंत्राऐवजी त्याच रकमेतून ब्रशकटर, सुरक्षेचे साहित्य, सुटे भाग, वैभव विळे आणि हाताच्या कुट्ट्या घ्याव्यात. खरेदीआधी एक दिवस प्रत्यक्ष चाचणी व्हावी. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे एक गुंठा आखून तो एकदा विळ्याने आणि शेजारचा तेवढाच तुकडा यंत्राने कापावा. वेळ, पेट्रोल आणि मिळालेल्या पेंढ्या लिहून ठेवाव्यात. निर्णय त्या कागदावरून आणि वाड्यावरच्या बायाबापड्यांच्या तोंडून घ्यावा. एकराचे 40 गुंठे असतात, त्यामुळे पुढचा हिशेब कोणालाही मांडता येईल.

देणगी देऊ इच्छिणाऱ्या मंडळीतील बंधुभगिनींनी त्या दिवशी आमच्याबरोबर डोंगर चढून यावे, ही नम्र विनंती. विळा हातात घेऊन थोडा वेळ उतारावर उभे राहिले, की कोणते यंत्र हवे हे मला फारसे समजावून सांगावे लागणार नाही.