तळ्यात उभा मनोरा

मुलांनो, चर्चचा मनोरा कुठे असतो? चर्चला लागून, जमिनीवर. पण इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळ एक मनोरा चक्क तळ्यातून वर आलाय! चर्च नाही, गाव नाही. चहूकडे पाणी आणि मागे आल्प्सचे डोंगर. पर्यटक येतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. हा मनोरा काही पाण्यात बांधलेला नाही बरं का. पाणीच त्याच्यापर्यंत आणलं गेलं.

गावाचं नाव कूरॉन. गावकरी जर्मन बोलणारे, ते म्हणतात ग्राउन. मनोरा १३५७ सालचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पावणेतीनशे वर्षं आधीचा. चौकोनी, दगडी, डोक्यावर टोकदार छप्पर. वरच्या भागात दोन-दोन कमानींच्या जोडखिडक्या आहेत. ही नुसती शोभा नव्हे हं! घंटा वर टांगलेल्या असायच्या. भिंत बंद असती, तर आवाज आतच घुमला असता. कमानींतून तो लांब शेतांपर्यंत जायचा. पण सगळी भिंतच उघडी ठेवली तर छप्पर कोण पेलणार? म्हणून मध्ये बारीक खांब आणि वर अर्धगोल कमान. या बांधणीला रोमनेस्क शैली म्हणतात.

पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. इथे दोन नैसर्गिक तळी होती. धरण बांधून ती एक करायची आणि वीज काढायची, असं ठरलं. आधी म्हणाले, पाणी ५ मीटर चढेल. १९३९ मध्ये बेत बदलला आणि ५ चे झाले २२ मीटर! तशी सूचना लावली, पण ती इटालियन भाषेत. जर्मन बोलणाऱ्यांपैकी कितीजणांना ती वाचता आली असेल? मला तर या सगळ्यात हीच गोष्ट फार लागते.

दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, पुढे पुन्हा सुरू झालं. गावचे धर्मगुरू रोमला जाऊन थेट पोपना भेटले, तरी उपयोग झाला नाही. १९५० मध्ये १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन गेली. आपल्याकडे धरणग्रस्त म्हणतात ना, तेच ही माणसं झाली. काहींनी वरच्या उतारावर नवं गाव वसवलं, बाकीचे पांगले. चर्चही पाडलं. मनोरा तेवढा वाचला, कारण तो जुनी वास्तू म्हणून संरक्षित होता. घरांना असं संरक्षण कोण देणार?

हिवाळ्यात तळं गोठतं, तेव्हा लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापाशी जातात. त्या दिवसांत घंटांचा आवाज येतो, असं तिथे सांगतात. घंटा तर चर्च पाडण्याआधीच, जुलै १९५० मध्ये उतरवल्या होत्या!

२०२१ मध्ये दुरुस्तीसाठी तळ्याचं पाणी काही काळ सोडून दिलं. तेव्हा चिखलातून घरांच्या पायऱ्या वर आल्या, भिंतींचे जोते दिसले. पुन्हा पाणी भरेपर्यंत लोक जुन्या गावात फिरून आले.